बरड बंद

दिवाळीच्या अमावस्येला काय बोलू नये, याची यादी लालसिंग राठोडाच्या घरात भलतीच लांब होती. गेलेल्या माणसाचं उणं काढू नये. पाहुण्यानं परत निघायची गोष्ट करू नये. आणि जगबुडी आली तरी आपल्या दारात गायी किती, ते तोंडानं सांगू नये. हा शेवटचा नियम तर बाराही महिन्यांचा. तांड्यात कोणी कोणाला गायी किती असं विचारतच नसे, आणि बाहेरच्या एखाद्या शहाण्यानं विचारलंच तर समोरचा माणूस आभाळाकडे बघून म्हणायचा, "असतीन पाच-सहा." ज्याच्या दारात तीस त्याच्याही पाच-सहा आणि ज्याच्या दारात एकच मरतुकडी त्याच्याही पाच-सहा. मोजली की लक्ष्मी निघून जाते, असं जुनी माणसं सांगत आली. आता सरकारला मोजल्याशिवाय झोप येत नाही, हे त्या जुन्या माणसांना कुठून ठाऊक असणार.

पावसाळा सरताना कुरणाच्या योजनेचा साहेब मोटारसायकलवरून आला तेव्हा हेच झालं. लालसिंगचं बरड त्यानं हिंडून पाहिलं. बरड म्हणजे तांड्याच्या उगवतीला, जंगलाला लागून असलेली चढावाची दगडी जमीन. तिथं कापूस होत नाही, तूर होत नाही, सोयाबीनची तर बातच सोडा. होतं ते गवत. तेही आता कसलं, सगळं कुसळ. जनावराच्या तोंडात टोचणारं आणि माणसाच्या धोतरात घुसणारं. साहेब म्हणाला, सरकार कुंपण देईल, चांगल्या गवताचं बी देईल, गोठा बांधायला अनुदान देईल, आणि बरड राखल्याबद्दल दरसाल वेगळे पैसे. अट एकच. तीन वर्षं आत एक जनावर सोडायचं नाही. गवत कापून आणायचं आणि गोठ्यात घालायचं.

"गायी किती बाबा तुमच्याकडे?" साहेबानं विचारलं.

लालसिंगनं आभाळाकडे पाहिलं. "असतीन पाच-सहा."

थोरला संजय शेजारीच उभा होता. त्याला खरा आकडा ठाऊक होता. रोज शेण तोच उचलायचा. पण बापाच्या तोंडावर बापाला खोटं पाडायचं आणि वर लक्ष्मीचा आकडाही बोलायचा, ही दोन पापं एकदम त्याच्यानं होईनात. साहेबानं सहा लिहून घेतल्या. कानात बिल्ले मारायला माणसं आली त्या दिवशी लालसिंगनं सहाच गायी दारात ठेवल्या आणि बाकीच्या सकाळीच मारोतरावाच्या रिकाम्या वावरात धाडून दिल्या. मारोतराव कुणबी, त्याचं आणि लालसिंगचं जुनं सूत. तो काही विचारत बसला नाही.

आता साहेबाचा निरोप होता की भाऊबीज झाली की कुंपणाच्या खुंट्या ठोकायला येतो, पण घरातल्या सगळ्यांनी समोर बसून हो म्हटलं पाहिजे. म्हणून ही दिवाळी महत्त्वाची. धाकटा शाम पांढरकवड्याहून आला होता, बायको-पोरांना सासरी सोडून. जया राजूरहून आली होती. आई जमनी पहाटेपासून चुलीपुढं होती आणि तिचं कोणाशी बोलणं नव्हतं, म्हणजे तिचं डोकं चालू होतं.

दुपारी पितरांचा धबुकार झाला. लालसिंगनं चुलीतले निखारे ओढून त्यावर तूप, गूळ आणि भात सोडला, एकेका गेलेल्याचं नाव घेतलं, पाण्याचं बोट फिरवलं. धूर आढ्याला गेला. जेवणं झाली. पुरुष ओसरीवर बसले, जया उंबऱ्यावर बसली, कारण लेक म्हणून तिला तिथं बसायचा हक्क होता. सून बबिता आत भांडी घासत राहिली, कारण सून म्हणून तिला तोच हक्क होता.

"बापू," संजयनं सुरुवात केली, "साहेब तीन-चार दिवसांत येते. सगळ्यायनं हो म्हतलं तरच खुंटी ठोकन म्हने. म्हातारा मानूस करार करते आन मांगून पोरं भांडत बसतेत, असं लय ठिकानी झालं."

"म्हातारा कोन?" लालसिंग म्हणाला.

"तुमी," आतून जमनी म्हणाली. "तेवढं त दिसते त्याले."

शाम हसला. ट्रकच्या धंद्यात बारा गावचं पाणी प्यायलेला हा पोरगा. बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, अरे, हे आपल्याला कसं सुचलं नाही. "माह्यं मत सांगू का? बरडावर गवत नाई, दगड हाये. जे हाये ते द्यावं. माह्या ओळखीचा एक गिट्टीवाला हाये. खोदून नेईन, दरसाल भाडं देईन. ना कुंपन, ना बी, ना तीन वर्षं वाट पाहनं. सरकारचा पैसा आला त आला. गिट्टीवाल्याचा पहिले हातात, मंग खोदनं."

"आन मंग खड्डा राहीन," जया म्हणाली.

"राहू दे. पानी साचन. शेततळं फुकटात."

"कोळशाच्या खदानीचं तसं शेततळं माह्या घरामांगं हाये. राजूरले येत जा कधी, दाखवीन तुले. दोरीवर पांढरं लुगडं टाकलं त काळं होऊन हाती येते. तिथं गाय बांधाची म्हतलं त गवताची काडी इकत आना लागते." जयाचा आवाज चढला नव्हता, पण ती शामकडे बघत नव्हती. "माह्यं संजयभियासोबत हो हाये. बंद करा बरड. कुंपन घाला."

संजयला बरं वाटलं. एकाला दोन झाले. आणि नेमक्या त्याच वेळी आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

बबिता पंधरा-सोळा वर्षं ह्या घरात नांदत होती आणि सासऱ्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. तसा रिवाजच होता. पदर नाकापर्यंत, आणि सांगायचं ते सासूला सांगायचं, सासऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. रिवाजाची सोय अशी की त्यात सून वाटेल ते बोलू शकते, कारण ती बोललेलीच नसते.

"आत्याबाई," बबिता म्हणाली, "सांगा त्यायले, गवत कापून आनाचं हाये म्हने. रोज. पान्यात, उन्हात. कापन कोन? साहेब कापन?"

"ती म्हने, कापन कोन," जमनीनं शब्दाला शब्द सांगितला, जणू ओसरीवरचे सगळे बहिरे.

"मी कापीन," संजय म्हणाला.

"आत्याबाई, सांगा त्यायले, कपाशीच्या येचनीच्या टायमाले हे कापतीन म्हने गवत. सांगा का मागच्या साली येचनीत हे कंबर धरून झोपलेले होते. आन गवत किती लागन तेही इचारा. साहेबानं हिशेब केला तो बिल्लेवाल्यायचा केला. बाकीच्यायनं काय खावं?"

जमनीनं हे पुढं सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नव्हती.

"कोन्या बाकीच्या?" लालसिंग म्हणाला. त्याचं लक्ष बिडी वळण्यात होतं, किंवा आहे असं तो दाखवत होता.

"बाकीच्या म्हंजे बाकीच्या, बापू," संजय म्हणाला.

"पांढऱ्या त धरल्या ना त्यानं?" शामनं विचारलं. तो बाहेर राहायचा, त्याला नीट ठाऊक नव्हतं.

"पांढऱ्या सगळ्या नाई धरल्या. हरनी धरली. तिची मोठी कालवड धरली. लहानी नाई धरली."

"आन तांबड्या?"

"तांबड्यायपैकी शिंगमोडकी धरली."

"मंग कबऱ्या?"

"कबऱ्या त एकही नाई. थ्या सगळ्या मारोतरावाच्या वावरात होत्या."

"आँ," शाम म्हणाला आणि बोटं मोडू लागला, तशी जयानं त्याच्या हातावर फटका मारला. अमावस्येच्या दिवशी बोटंसुद्धा नको. मग बराच वेळ हे असंच चाललं. घरातली शहाणीसुरती माणसं, त्यातला एक हिशेबात पक्का ट्रकवाला, आणि एका साध्या आकड्याभोवती सगळी पिंगा घालत होती. रंग सांगून झाले, शिंगं सांगून झाली, कोणती कोणाची लेक ते सांगून झालं. आकडा काही कोणाच्या ओठावर येईना.

जयाला आधी हसू येत होतं. मग तिनं संजयकडे पाहिलं आणि हसू गेलं. भाऊ घामाघूम झाला होता. तिला समजलं की हा महिनाभर ह्याच ओझ्याखाली झोपला-उठला असणार. उद्या कुंपण पडलं आणि गोठ्यात सहांचं गवत आलं, तर बाकीच्या भुकेल्या गायी कुंपण तोडून आत शिरणार. साहेबाला दिसणार. मग अनुदान बंद, आणि वर राठोडानं सरकारला फसवलं, हे अख्ख्या आर्णी तालुक्यात पसरणार. आणि हे सगळं बापाला सांगायचं तर आधी तो आकडा बोलावा लागणार.

"भिया," ती हळू म्हणाली, "तू साहेबाले मांगून एकल्यानं जाऊन काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगू? बापूनं सांगतलं पाच-सहा. मी जाऊन म्हनू का माहा बाप खोटं बोलते?"

"मी खोटं नाई बोललो," लालसिंग म्हणाला. "पाच-सहा म्हंजे काई आकडा नोहे. पाच-सहा म्हंजे, हाये लक्ष्मीची कृपा. तुह्या साहेबाले समजत नाई त मी काय करू?"

म्हातारा आपल्या जागी बरोबर होता आणि साहेबही आपल्या जागी बरोबर होता. मधल्या जागी संजय होता.

जमनी आतून उठून आली. हात लुगड्याला पुसत ती उंबऱ्यात जयाच्या बाजूला उभी राहिली. हातातल्या जुन्या हस्तिदंती रंगाच्या बांगड्या कोपरापर्यंत, अंगानं वाळलेली, पण उभी राहिली की दार भरल्यासारखं वाटे. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "चौदा."

लालसिंगच्या हातातली बिडी तशीच राहिली.

"चौदा हायत," जमनी पुन्हा म्हणाली. "थ्या दोन गाभन्यायच्या पोटातली धरली नाई मी. थ्या व्याल्या का सोळा होतीन. आता झालं? लागली नजर त माही लागन. माह्या नावानं मिरच्या उतरवजा. पन पोराचा जीव नका टांगू असा."

शेजारच्या नेमसिंगच्या घरी पोरी रात्रीच्या मेऱ्याची गाणी म्हणून पाहत होत्या. अमावस्येला हातात दिवा घेऊन त्या घरोघर फिरतात आणि मोठ्यांना आशीर्वाद देतात, त्याची तयारी. तो आवाज इथं ओसरीवर स्पष्ट येत होता. लालसिंगला वाटलं, आत्ता कोठ्यातून एखादी गाय हंबरेल, काहीतरी विपरीत होईल. काहीच झालं नाही. कोठ्यात गायी रवंथ करत राहिल्या.

संजय उठला. हापशीजवळ फोनची रेंज मिळते, तिथं जाऊन त्यानं साहेबाला फोन लावला. दिवाळीच्या दिवशी सरकारी माणूस फोन उचलतो, हेही एक नवलच. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय करावं ते न कळल्यासारखं हसू होतं.

"काय म्हने?" जयानं विचारलं.

"म्हने, मंग आधीच सांगाचं ना. राह्यलेल्यायले बिल्ले मारू. गोठा मोठा धरू. गवत कमी पडलं त पहिल्या साली कडबा-कुटार इकत घ्याले तजवीज हाये. कुट्टीची मशीनही देतो म्हने." तो बापासमोर बसला. "काईच झालं नाई, बापू. उगंच भेलो आपन."

"चांगलं झालं," शाम म्हणाला. गिट्टीवाल्याची गोष्ट त्यानं अजून सोडली नव्हती, पण वारं कुठं वाहतं ते त्याला कळत होतं. "मंग म्हना हो आन मोकळे व्हा. माह्यंही हो धरा."

सगळ्यांनी लालसिंगकडे पाहिलं.

लालसिंगनं बिडी पेटवली. एक झुरका घेतला. "आज सन हाये," तो म्हणाला. "उद्या पाहू."

"उद्या काय पाहाचं, बापू?"

"उद्याचं उद्या."

संजय गरीब स्वभावाचा माणूस. त्याला राग यायला वेळ लागतो आणि आला तरी तो त्याच्या आवाजात येत नाही, फक्त तो खाली बघत बोलतो. तो आता खाली बघत बोलला. "बापू, एक गोष्ट इचारतो. रागावू नका. थ्या गायी तुमी नजरेसाठी मांगं नाई ठेवल्या. नजरेसाठी असतं त एकांदी ठेवली असती, दोन ठेवल्या असत्या. तुमाले पायजे होतं का कुंपन पडल्यावरही काई गायी अशा राहाव्या ज्यायले घेऊन तुमाले बरडावर जाता येईन. खरं का नाई?"

ह्या घरात बापाला असं कोणी विचारलेलं जयाला आठवत नव्हतं.

लालसिंगनं बिडीची राख झटकली. हातापायांनी धड, पण सत्तरी कधीच ओलांडलेली. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता; बापानं ह्या बरडाच्या पायथ्याशी तांडा स्थिर केला तो गवत पाहून. शेत मागून आलं. लालसिंगनं नांगर धरला, कापूस पिकवला, पोरांना शिकवलं, पण रोज सकाळी गायी सोडून बरडावर गेला नाही असा दिवस त्याच्या आयुष्यात नव्हता. तापात गेला. लग्नाच्या हळदीत गेला.

"खरं हाये," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्षं बंद म्हनता तुमी. तुमचं ठीक हाये. तुमाले तीन वर्षं म्हंजे काई नाई. मले तीन वर्षं हायत का नाई, कोनाले मालूम? सकाळी उठून मी जाऊ कुठी? पारावर बसू? टीवी पाहू? गाय गोठ्यात बांधून तिच्या तोंडासमोर गवत टाकाचं, ती खाईन, हागन, आन मी पाहात बसू. हे काय गाय पाळनं होये? गाय पायानं जगते. आन मीही."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माहेरी आली होती ते संजयला साथ द्यायची, असं बसमध्येच ठरवून. आता तिला संजयकडे बघवेना. "भिया," ती म्हणाली, "राहू दे मंग. बापू हाये तोवर राहू दे. कायले त्याचे पाय बांधता? योजना येतेत न जातेत. माह्यं हो मी मांगं घेते. बापूले हिंडू दे."

"मीही तेच म्हनतो," शाम लगेच म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला. शाम वाईट माणूस नव्हता. "बापू हाये तोवर बरडाले कोनी हात नाई लावाचा. ना कुंपन, ना गिट्टी. बापूचं होऊ दे मनासारखं. मांगचं मांगं पाहू."

संजय एकटा पडला. घडीभरापूर्वी जी बहीण त्याच्या बाजूला होती ती गेली होती, आणि गेली होती तीही मायेनं, म्हणजे तिच्याशी भांडणंही शक्य नव्हतं. त्याला खरोखर वाटलं की आपण बापाचा जीव घ्यायला निघालो की काय.

लालसिंग मात्र शामकडे बघत होता. जयानं आणि शामनं त्याच्या मनासारखं म्हटलं होतं आणि तरी त्याला काहीतरी खुपत होतं. कुसळ धोतरात शिरलं की जसं चालताना टोचतं आणि बसून शोधलं तर सापडत नाही, तसं.

"मांगचं म्हंजे?" त्यानं विचारलं.

"म्हंजे... मांगचं, बापू."

"मी गेल्यावर."

"असं नोका बोलू सनाच्या दिवशी," जया म्हणाली.

"तुही माय चौदा बोलली सनाच्या दिवशी. आता काय राह्यलं." लालसिंगनं बिडी विझवली. "शाम, खरं सांग. मी गेल्यावर गिट्टीवाला येईन का नाई?"

शामनं मान खाली घातली. खोटं बोलता आलं असतं. तो रोज गिऱ्हाइकांशी बोलतोच. "येईन, बापू. माह्याकडून नाई आला त दुसऱ्याकडून येईन. बोडकं बरड हाये. बोडक्या दगडाले गिऱ्हाईक भेटतेच."

"संजय, तू एकला धरून ठेवशीन?"

"नाई होनार, बापू," संजय म्हणाला. "त्याचा हिस्सा त्याचा, जयाचा जयाचा. आज जया नाई म्हनते. उद्या तिच्या पोरायचं कोनी सांगावं? मी कोनाकोनाले अडवू?"

"आन गवत उभं असन त?"

याचं उत्तर दिलं बबितानं. ती आतून आली, दाराच्या कडेला उभी राहिली, पदर नाकापर्यंत तसाच, तोंड भिंतीकडे. पण यावेळी तिनं आत्याबाई म्हटलं नाही.

"कंबरभर गवत उभं असलेली जागा कोनी खोदाले देत नाई, मामाजी," ती म्हणाली. "दरसालचा पैसा येते, दूध येते. मंग ज्याचा हिस्सा हाये तोच राखन बसते. आन गवत कापाचं म्हतलं त मी कापीन. पन मले बरडाच्या वाटा मालूम नाई. कोनता पवना आन कोनतं कुसळ, तेही समजत नाई. इळा घेऊन कोनी सोबत आलं पायजे. थ्या कुंपनात गायीले बंदी हाये. मानसाले नाई."

बोलून ती आत गेली. सासरा आणि सून, दोघांनाही नंतर त्याबद्दल काही बोलावं लागलं नाही. जमनीनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, ते जयाला कळलं नाही.

लालसिंग उठून ओसरीच्या कडेला गेला. तिथून बरड दिसतं. उन्हं उतरत होती. लहानपणी ह्या बरडावर पवना गवतात वासरू हरवलं तर कानानं शोधावं लागे, डोळ्यानं दिसत नसे. आज इथून एकेक दगड मोजता येत होता. ते गवत खाल्लं कोणी, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याच्याच गायींनी, त्याच्याच राखणीत, एक दिवसही खाडा न करता. गवताला वर मान काढायला त्यानं कधी सवडच दिली नव्हती. हे त्याला आधीही ठाऊक होतं. फक्त आज ते टाळायला जागा उरली नव्हती.

"माह्या बापानं मले हिरवं देलं," तो पाठमोरा म्हणाला. "मी तुमाले दगड देऊन राह्यलो."

"बापू," जया म्हणाली.

"तू राजूरची सांगतली ना गोष्ट. बस झालं." तो वळला. "संजय, हो म्हन साहेबाले. खुंट्या यावाच्या तवा येतीन. बरड उद्यापासून बंद."

"उद्यापासून? साहेब त अजून..."

"साहेबाची वाट कायले पाहाची? शब्द देला का देला."

रात्री पोरी दिवे घेऊन आल्या, मेरा मागून गेल्या. शाम फोनवर बायकोशी बोलला. जया आईच्या कुशीत झोपली, लग्नाआधी झोपायची तशी. संजयला गाढ झोप लागली.

सकाळी गोधनाचा दिवस. तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी पहाटेच टोपल्या घेऊन बरडावर फुलं आणायला गेल्या होत्या. ती शेणाच्या गोधनावर वाहायची असतात. संजयची सोनूही त्यांच्यात होती. लालसिंगनं कोठ्याचं दार काढलं. गायींच्या शिंगांना रात्री जमनीनं गेरू लावला होता. त्यानं एकेकीच्या पाठीवर हात फिरवला आणि आरोळी दिली. तशा त्या निघाल्या, हरणी पुढं, तिची लेक मागं, मग तांबड्या, मग कबऱ्या. ओळ ठरलेली होती आणि वाटही.

तांड्याच्या शेवटच्या घरापाशी वाट फुटते. उजवीकडे बरड, डावीकडे मारोतरावाचं रिकामं वावर, जिथं सोयाबीन निघून गेलेलं होतं. मारोतरावाला निरोप गेलेला होता. तो नाही म्हणणार नव्हता. संजय मागून चालत होता. लालसिंगनं त्याला पुढं येऊ दिलं नाही.

हरणी वाटेशी आली आणि न थांबता उजवीकडे वळली. तिला काय ठाऊक. तिच्या आईलाही लालसिंगनं ह्याच वळणावरून नेलं होतं.

लालसिंग पळाला. ह्या वयात तो पळेल असं संजयला वाटलं नव्हतं. धोतर आवरत तो हरणीच्या पुढं गेला आणि वाटेच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. हरणी थांबली. तिनं मान पुढं करून त्याच्या छातीला तोंड लावलं, हुंगलं. बाजूला होईल म्हणून वाट पाहिली. तो बाजूला झाला नाही, तेव्हा तिनं कपाळानं त्याला हळूच ढकललं.

"पाछी फर," लालसिंग म्हणाला. "पाछी फर, याडी."

मागे फिर, आई. संजयला बापाचा आवाज ओळखू आला नाही. हरणी फिरली नाही. तिच्या मागं बाकीच्या गोळा होऊ लागल्या, एकमेकींना रेटू लागल्या. संजय पुढं झाला, तसा लालसिंग ओरडला, "तू नोको."

आणि त्यानं काठी उचलली. ही काठी उभ्या जन्मात कधी हरणीच्या अंगाला लागली नव्हती. ती त्यानं तिच्या खांद्यावर मारली. जोरात नाही, पण मारली. गेरूच्या शिंगांची गाय दचकून दोन पावलं मागं सरली आणि त्याच्याकडे बघत राहिली. लालसिंग रडत होता. तोंड न लपवता, पोरासमोर, तांड्याच्या वाटेवर. त्यानं दुसऱ्यांदा काठी उचलली, तशी ती वळली. ती वळली म्हणून तिची लेक वळली, मग तांबड्या वळल्या, मग कबऱ्या.

डाव्या वाटेनं सगळ्या जाईपर्यंत लालसिंग तिथंच उभा राहिला. मग त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि बरडाकडे पाठ करून गायींच्या मागं चालू लागला.